आरोपी नंबर दोन

कडा, ता. १९ नोव्हेंबर २०२४

अंजली,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून सलाम कागदावर. फाडायचं असेल तर फाड, पण वाचून फाड.

परवा तू फोटो पाहिलास आणि फोन केलास. “ती आपल्या घरात कशाला?” एवढंच विचारलंस. मी शब्द जुळवत होते तोवर फोन बंद. तेव्हापासून पप्पांचाही फोन तू घेत नाहीस. त्यांचा यात काही दोष नाही. ते तुझ्याच बाजूचे आहेत, आणि तसं मला दिवसातून दोनदा ऐकवतात.

आधी फोटोचं सांगते. तो मी काढून घेतला नाही. आपल्या चर्चच्या पाळकसाहेबांची सून सायली वर्गणी मागायला आली होती. मी म्हातारीला पेज भरवत होते. सायलीने दारातूनच फोन उगारला आणि संध्याकाळी मंडळीच्या ग्रुपवर फोटो. खाली लिहिलं होतं, ‘शत्रूवरील प्रीतीचे जिवंत उदाहरण’. त्याखाली सगळ्यांचे हात जोडलेले. तिथून तो पुण्याला तुझ्यापर्यंत कोणी पोचवला, ते मी विचारत नाही. पोचवणाऱ्याला पुण्य लागो.

आता तिचं. नाव लिहायलाच हवं. जाईबाई. अडीच वर्षं तुझी सासू. कोर्टाच्या कागदावर आरोपी नंबर दोन. नंबर एक तिचा अनिल.

आमचं महिला मंडळ आष्टीच्या सरकारी दवाखान्यात बुधवारी आणि शुक्रवारी डबा नेतं, हे तुला माहीत आहे. घरोघरी स्वयंपाकाला बसताना मूठभर धान्य बाजूला काढायचं आणि रविवारी चर्चमध्ये आणायचं, त्यातला हा डबा. नियमही तुला माहीत आहे: वाढताना नाव विचारायचं नाही, गाव विचारायचं नाही. नाव कळलं की हात आखडतो, असं आमच्या म्हाताऱ्या बायका सांगत आल्या. बायकांच्या वॉर्डात कोपऱ्यातल्या खाटेवर एक बाई होती. अर्धं अंग गेलेलं, तोंडावर पदर. चार-पाच फेऱ्या मी तिला पेज दिली. वाटी धरायची, चमचा पदराखाली पुढे करायचा, पुढच्या खाटेकडे जायचं. एका शुक्रवारी पदर घसरला आणि हनुवटीवरचं गोंदण दिसलं. माझ्या हातातली वाटी तिच्या अंगावर सांडली.

सिस्टर म्हणाल्या, मुलगा भरती करून गोळ्या आणायला म्हणून गेला तो गेलाच. फोन बंद. आता त्यांना खाट रिकामी हवी होती. “मावशी, तुमच्या ओळखीच्या हायत का या?” मी म्हणाले, “आमच्याकडच्या आहेत.”

आठेक दिवस झाले तिला आणून. कुठे सोय लागली की पाठवणार आहे. स्वयंपाकघराच्या बाजूला ठेवली आहे. तू काळजी करू नकोस.

आई


कडा, ता. २ डिसेंबर २०२४

अंजली,

पत्र परत आलं नाही, म्हणजे पोचलं. उत्तर आलं नाही, म्हणजे वाचलंस.

मागच्या पत्रात मी आठ दिवस लिहिले. आठ नाहीत. दसरा झाल्यावर आणली. दिवाळीच्या सुट्टीत तू दोन दिवस येते म्हणालीस आणि मी म्हणाले, पप्पांना ताप आहे, नको येऊस. पप्पांना ताप नव्हता. त्यांनी तेव्हाच बजावलं होतं, “लपव, लपव. पेंढ्यात उंट किती दिवस लपतंय बघतो.”

दुसरं, ती स्वयंपाकघराच्या बाजूला नव्हती. तुझ्या खोलीत होती, तुझ्या खाटेवर. जमिनीवरून तिला उठवायला दोन माणसं लागतात, आणि पप्पा तिला हात लावत नाहीत. मी चादर बदलली, तुझी पुस्तकं वरच्या फळीवर ठेवली आणि मनाला सांगितलं, खाट म्हणजे लाकूड. पण पप्पा परवा कारखान्यातून आले ते टेम्पो घेऊनच. काट्यावर उसाच्या गाड्या तोलणारा माणूस, कोणाला शब्द टाकत नाही, पण भंगारात निघालेली एक लोखंडी खाट मागून आणली. पडवीत लावली, चारी बाजूंनी ताडपत्री बांधली आणि मला म्हणाले, “पोरीची खाट खाली कर. आत्ताच्या आत्ता.” नंतर तुझी खाट त्यांनी स्वतः उन्हात टाकली, धुतली. खोलीला कुलूप लावलं. किल्ली त्यांच्या गळ्यात, जानव्यासारखी. हे मी चेष्टेनं लिहिलं, पण ते खरोखरच दोरीत ओवून घालतात.

घरात आम्ही दोघं असे बोलतो: ते भिंतीला सांगतात, मी भिंतीचं ऐकते. काल म्हणाले, “हे घर धर्मशाळा हाय का कोर्ट, ते एकदा ठरवा म्हणावं. दोन्हीचं भाडं आपल्याला परवडायचं न्हाई.”

सरकारी वकिलांचा फोन आला होता. तुझी साक्ष झाली, आता माझी, आठ जानेवारीला. फोटो त्यांच्यापर्यंतही गेला आहे. म्हणाले, “बाई, नोकरीत असलं मी कधी बघितलं नाही. आरोपी साक्षीदाराच्या घरात! समोरचा वकील तुम्हाला सोलून काढील. छळ झाला असता तर हिनं तिला घरात घेतलं असतं का, असं विचारील. काय सांगणार?” मग माझ्याकडून सगळं परत म्हणून घेतलं. मी काय पाहिलं, तेवढंच सांगा म्हणाले. ऐकीव नको.

मी सांगितलं. नाताळचा फराळ घेऊन मी आष्टीला तुमच्या घरी गेले होते. अंगणात जाईबाई खोलीच्या दाराशी उभी. बाहेरून कडी लावलेली, आणि वरून तिनं हातानं दाबून धरलेली. आत पट्ट्याचा आवाज आणि तुझा. मला पाहून ती म्हणाली, “थांबा जरा विहीणबाई, आत काम चाललंय.” मी डबा टाकला, तिला ढकललं, कडी काढली. त्याच दुपारच्या एसटीनं तुला घेऊन निघाले.

वकिलांनी ते लिहून घेतलं. मग म्हणाले, “हे असंच सांगा. आणि तारखेच्या आधी म्हातारीची कुठेतरी सोय लावा.”

मी सोय शोधते आहे. नगरला दोन वृद्धाश्रमांत विचारलं. खाटेवरचं माणूस ते घेत नाहीत, चालतं-बोलतं हवं. चालती-बोलती असती तर मीच कशाला ठेवली असती?

आई


कडा, ता. १४ डिसेंबर २०२४

अंजली,

हे तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मीच लिहिते. अनिल आला होता.

घाबरू नकोस. तुझा पत्ता त्याला मिळाला नाही, मिळणार नाही.

पप्पा ड्युटीवर होते. मी आणि शेजारच्या भामाबाई ओट्यावर शेंगा फोडत होतो. मोटरसायकल थांबली. दाढी केलेली, पांढरा शर्ट. म्हणाला, “मामी, सलाम.” मी हातातल्या शेंगा खाली ठेवल्या. भामाबाईनं सूप बाजूला सारलं, पण दगड हातातच ठेवला.

“आई कुठंय?”

“पडवीत. बघ जाऊन.”

तो गेला नाही. उंबऱ्याजवळच उभा राहिला. म्हणाला, “माझे वकील म्हनतेत, तुमी माझ्या आईला डांबून ठेवलंय. म्हंजी तिनं आमच्या बाजूनं बोलू नये म्हनून. तसा अर्ज देऊ का पोलिसात?”

मी म्हणाले, “अर्ज कशाला? घेऊन जा. कपडे बांधून देते. औषधाची चिठ्ठी देते.”

आणि अंजली, मी खरंच उठले. गाठोडं बांधायला आत गेले. मनातून मला हलकं वाटत होतं. देवानंच दार उघडलं असं वाटलं. नेली असती तर मी एका शब्दानं अडवलं नसतं. तिचे दोन परकर, लुगडं, पावडरचा डबा, सगळं बांधून बाहेर आले.

तो पडवीच्या दारापर्यंत आला होता. ताडपत्री बाजूला केली. वास असतो तिथं, कितीही धुतलं तरी असतो. त्यानं नाकाला रुमाल लावला. जाईबाईनं त्याला पाहिलं आणि डावा हात वर केला. तिला बोलता येत नाही. बा, बा, असा आवाज येतो, आणि एक शब्द नीट येतो: नको. कशालाही नको. तो ‘बा, बा’ तिनं इतक्या आशेनं काढला की मी मान फिरवली.

अनिल म्हणाला, “गाडीवर कशी न्यावी? जीप घेऊन येतो.”

भामाबाई म्हणाली, “जीप कड्यात बी मिळती की रं. बोलावू का? माझा पुतण्या चालवतो. पैसे नंतर दे.”

“उद्या येतो.”

“उद्या का? गोळ्या आणायला चाललास का परत?”

तो गेला. जाईबाईचा हात तसाच वर राहिला होता. मीच खाली ठेवला. मग तिनं तोंड भिंतीकडे केलं.

त्या उद्याला आठवडा झाला. गाठोडं मी सोडलं आणि कपडे परत दोरीवर टाकले.

तू म्हणशील, बरं झालं, असंच पाहिजे तिला. मंडळीतल्या बायकाही म्हणतात, देवानं बघून घेतलं. हे मात्र मला पटत नाही. देव असा हिशोब ठेवत असेल, तर तुला बसलेला मार त्यानं कुठल्या खात्यावर टाकला होता? महिला मंडळाचं धान्य मी मोजते, मला एवढं कळतं की दोन वेगळ्या पोत्यांचं वजन एका काट्यावर लावायचं नसतं.

पण मला तिचा राग येत नाही असंही समजू नकोस. येतो. रोज सकाळी येतो.

आई


कडा, ता. २६ डिसेंबर २०२४

अंजली,

नाताळच्या सणाचा सलाम. तुझ्याविना सण गेला. पप्पा चर्चला आले नाहीत. पडवीजवळ कोणीतरी हवं, असं कारण सांगितलं. पण ते पडवीत नाही, ओट्यावर बसले होते. त्यांना आधीच कुणकुण लागली असावी.

उपासना झाली. पाळकसाहेबांनी मला पुढे बोलावलं. म्हणाले, सत्यशीलाबाईंनी आपल्या मंडळीला वाट दाखवली आहे, त्यांनी दोन शब्द बोलावेत. मी म्हणाले, मला बोलता येत नाही. तेवढ्यात पुरुषांच्या बाजूनं पहिल्या बाकावरून अनिल उठला. तो आष्टीच्या मंडळीतला, आमच्याकडे त्याचं काय काम? सगळ्यांसमोर गुडघे टेकले. रडला. खरे अश्रू होते, खोटं सांगणार नाही. म्हणाला, “माझं चुकलं. आईलाही सोडलं, बायकोलाही सोडलं. मामींनी आईला घेतलं, तवा माझे डोळे उघडले.”

बायका पदरानं डोळे पुसायला लागल्या. माझेही भरून आले.

पाळकसाहेब म्हणाले, “बाई, अर्धी वाट चालून आलात. उरलेली अर्धी का सोडता? आठ तारखेला कोर्टात उभं राहून एकमेकांवर चिखल उडवण्यापेक्षा इथं, प्रभूच्या घरात, मिटवू. तुम्ही साक्षीला गेला नाहीत तर केस आपोआप ढिली पडते. मी चौकशी केली आहे.”

चौकशी केली आहे म्हणाले ना, तिथे माझे डोळे कोरडे झाले.

मी म्हणाले, “पाळकसाहेब, जाईबाईंना मी अंथरूण दिलं, ते माझ्या घरातलं होतं. पेज दिली, ती माझ्या चुलीवरची होती. पट्टा मला नाही बसला. अंजलीची माफी माझ्या पदरात नाही. मी ती कुठून काढून देऊ?”

“पण आईला ठेवलं, म्हंजी मनातून तुमी माफच केलं की मामी!” अनिल अजून गुडघ्यावरच.

“तुझ्या आईला जेवायला दिलं, अनिल. तुला पावती दिली नाही.”

चर्चमध्ये मोठ्यानं बोलायची मला सवय नाही. आवाज फुटला आणि वरच्या पत्र्याला लागून परत आला. मागून कोणीतरी म्हणालं, “सणाच्या दिवशी हे काय!” पाळकीणबाईंनी घाईनं चहा सांगितला. चहाच्या वेळी माझ्या ताटातली करंजी कोणी उचलली नाही. भरलं ताट घरी आणलं. पप्पांनी ताटाकडे पाहिलं आणि कितीतरी दिवसांनी, भिंतीला नाही, मला विचारलं, “काय म्हणालीस त्यांना?” मी सांगितलं. त्यांनी ओट्यावर बसून चार करंज्या खाल्ल्या. एकापाठोपाठ.

पण मी तुला खोटा धीर देत नाही. कालपासून मला धड जेवण जात नाही. पाळकसाहेब माझ्यापेक्षा जास्त शिकलेले, वचन त्यांना पाठ. मी मॅट्रिक. त्यांचंच बरोबर असलं तर? त्याचे अश्रू खरे असले आणि मी ते लाथाडले असले तर? आणि दुसऱ्या बाजूनं, तुझंच बरोबर असलं तर? मी तिला भरवलेला प्रत्येक घास तुझ्या तोंडावर मारल्यासारखा असला तर?

दोन्हीकडून मीच चुकीची ठरते. तरी सकाळ झाली की पाणी तापवावंच लागतं.

आई


कडा, ता. ७ जानेवारी २०२५

अंजली,

हे पत्र उद्याच्या आत तुला मिळायचं नाही. तरी लिहिते. बोलायला दुसरं कोणी नाही.

तुझा मेसेज पप्पांच्या फोनवर काल आला. उसाच्या गाडीचं वजन वाचतात तसा त्यांनी मोठ्यानं वाचला. “ती घरात असताना आई माझ्या बाजूनं बोलायला उभी राहिली, तर मी कोर्टातून उठून जाईन. असलं नाटक मला नको. नंतर मला आई नाही.”

पप्पांनी फोन खिशात ठेवला. म्हणाले, “ऐकलंस? आता तरी शहाणी हो. सकाळी कोर्टात जाताना म्हातारीला दवाखान्याच्या पायरीवर ठेव. आली तशी गेली. मी उचलू लागतो.” असं म्हणाले, आणि पडवीत गार वारा येत होता म्हणून ताडपत्रीची सुटलेली दोरी बांधून ड्युटीवर गेले.

मी विचार केला नाही असं नाही. रविवारी प्रभुभोजन होतं. भाकर आणि प्याला घ्यायला मी पुढे गेले नाही, बाकावरच बसून राहिले. ज्याचं कोणाशी वाकडं आहे त्यानं आधी ते सरळ करून यावं, हे मला लहानपणापासून शिकवलेलं. माझं तर पोटच्या लेकीशी वाकडं. सगळ्या बायका रांगेनं पुढे गेल्या आणि मी एकटी मागे. त्यांना वाटलं असेल, अनिलला बोलल्याचं हिला खातंय.

आज सकाळी जाईबाईचं अंग पुसलं, पेज घेऊन बसले आणि ठरवलं की हिला सांगायचंच. पाठीमागून काही करायचं नाही. मी म्हणाले, “जाईबाई, उद्या मी कोर्टात जाणार आहे. तुमच्याविरुद्ध बोलणार आहे. तुम्ही कडी धरली होती, ते सांगणार आहे.”

तिला सगळं कळतं. ऐकणं शाबूत आहे. डोळे माझ्यावर रोखले. मी चमचा पुढे केला. तिनं दात आवळले.

“खा.”

“नको.”

“उद्या मी बोलणार म्हणून आज उपाशी राहता? परवा कोण भरवणार आहे? मीच ना? मग?”

“नको.”

पेज तिच्या हनुवटीवरून गळ्यात गेली. मला संताप आला. असा आला की वाटी भिंतीवर फेकावी. मी ओरडले, “माझी पोरगी दाराच्या आत ओरडत होती तेव्हा तुम्हाला हा एक शब्द येत नव्हता का? नको म्हणायला? तेव्हा तर तोंड धड होतं!”

भामाबाई पलीकडून धावत आली. मी वाटी खाली ठेवली आणि अंगणात जाऊन उभी राहिले. अंजली, हे मी तिला पहिल्यांदा बोलले. इतके दिवस मी तिला नुसतं जेवायला घालत होते आणि मनात म्हणत होते, बघ, मी किती चांगली.

परत आत गेले तेव्हा तिच्या डोळ्यातून पाणी कानात गेलेलं. ते पुसलं. दुपारी खाल्लं नाही, आताही नाही.

उद्या ती इथंच असेल. आणि मी कोर्टात असेन. तू उठून गेलीस तर मी तुला थांबवणार नाही. पण मी जे पाहिलं ते तुझ्या परवानगीनं किंवा तिच्या परवानगीनं पाहिलेलं नाही. ते सांगावंच लागेल.

आई


कडा, ता. १२ जानेवारी २०२५

अंजली,

कोर्टात काय झालं ते तुला सांगायला नको, तू होतीस. पण माझ्या जागेवरून काय दिसलं ते सांगते.

पिंजऱ्यात उभी राहिले तेव्हा मला तू दिसत नव्हतीस. मग दिसलीस, शेवटच्या बाकावर, निळ्या स्वेटरमध्ये. बारीक झालीस. सरकारी वकिलांनी विचारलं ते मी सांगितलं. नंतर अनिलचा वकील उठला, हातात माझा फोटो मोठा करून आणलेला.

“या तुम्हीच ना बाई?”

“मीच.”

“आणि भरवताय कोणाला? आरोपी नंबर दोनला. किती प्रेमानं!”

“पेज गार झाली की तिला गिळता येत नाही. घाईनं भरवत होते.”

कोणीतरी हसलं. तेव्हाच तू उठलीस. मी पाहिलं. तू पर्स खांद्याला लावलीस आणि दाराकडे चालायला लागलीस. मला पुढचा प्रश्न नीट ऐकूच आला नाही. त्यानं परत विचारला, “पोटच्या पोरीला छळणारीला कुठली आई घरात ठेवील? छळ झालाच नव्हता, म्हणून ठेवली. बरोबर?”

मी तुझ्या पाठीकडे पाहून बोलले. “तिनं कडी धरली होती, ते मी पाहिलं. ती दवाखान्यात टाकलेली होती, तेही मीच पाहिलं. एक पाहिलं म्हणून दुसरं न पाहिल्यासारखं कसं करू, साहेब?”

तो चिडला. “कडी कोणत्या हातानं धरली होती, तेही पाहिलं असेल तुम्ही!”

“उजव्या. तोच आता लुळा पडलाय. रोज सकाळी मीच पुसते. म्हणून तर मला विसरता येत नाही.”

न्यायाधीशबाईंनी हात वर करून त्याला थांबवलं आणि टाईप करणाऱ्याला म्हणाल्या, हे बाईंच्या शब्दांतच घ्या. मी दाराकडे पाहिलं. तू बाहेर गेली नव्हतीस. चौकटीला पाठ लावून उभी होतीस, आमच्याकडे न बघता.

बाहेर चहाच्या टपरीशी तू माझ्याजवळ आलीस. मला वाटलं होतं तू काही म्हणशील. तू म्हणालीस, “छान बोललीस म्हणून मी घरी येणार, असं समजू नको.”

“नाही समजत.”

“ती जिवंत असेपर्यंत मी त्या घराच्या उंबऱ्यात पाय ठेवणार नाही.”

“बरं.”

“नुसतं बरं? तिला हाकलते म्हण की!”

“ते नाही म्हणता येत, बाळा.”

तू उरलेला चहा एका घोटात प्यायलीस. मग विचारलंस, “तिला उचलतं कोण?” मी म्हणाले, मीच, कधी भामाबाई. “आणि तुझी कंबर?” मी कप उचलला. तू म्हणालीस, “चादर आडवी घडी करून अंगाखाली घालायची आणि चादर ओढायची. माणूस नाही ओढायचं. रोज दहा पेशंट असे वळवते मी. एवढं साधं कळत नाही तुला?” आणि रागारागानं पुण्याची गाडी पकडायला गेलीस. चहाचे पैसेही तूच दिलेस.

घरी आले. भामाबाई म्हणाली, दिवसभर दाताला दात, एक घास घेतला नाही. मी जाईबाईजवळ बसले. सांगून आले म्हणाले. जे पाहिलं तेच सांगितलं, वर एक शब्द घातला नाही. वाटी घेतली. तिनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि तोंड उघडलं. का उघडलं ते मला माहीत नाही. भूक लागली असेल. दुसऱ्या दिवशी चादरीची घडी करून वळवली. पप्पांनी दुसरं टोक धरलं. “पोरगी म्हणती तसं कर,” म्हणाले, “उगं आपली अक्कल लावू नको.”

आज चर्चला गेले होते. पाळकसाहेब बोलले नाहीत. सायलीनं मात्र फाटकापाशी हात धरला आणि म्हणाली, “काकू, फोटो मी काढून टाकला.” म्हटलं, राहू दे गं, आता तो कोर्टात लागलाय.

निकाल कधी लागेल, काय लागेल, देव जाणे. वकील म्हणतात अजून चार-पाच तारखा. त्यात जाईबाईला शिक्षा झाली तर मी म्हणेन, योग्य झालं. आणि तिला नेईपर्यंत भरवेन. हे तुला पटत नाही, आणि पटावं म्हणून मी आता एकही पत्र लिहिणार नाही. तू उंबऱ्यात येणार नाहीस, हे मी मनाशी पक्कं केलं आहे. त्यावर तुझा हक्क आहे.

पण उंबरा ओलांडायला मला कोणी बंदी घातलेली नाही. इतके महिने मी तुझी वाट बघत बसले, जशी काही यायची जबाबदारी तुझीच. फेब्रुवारीच्या एक तारखेला शनिवार आहे. भामाबाई जाईबाईजवळ थांबते म्हणाली आहे, आणि पप्पांनी सुट्टी टाकली आहे. सकाळच्या गाडीनं मी पुण्याला येते. तुझ्या हॉस्टेलच्या गेटसमोर रस्त्यापलीकडे थांबेन. तिच्याबद्दल बोलणार नाही, केसबद्दल बोलणार नाही, देवाबद्दलही बोलणार नाही. तू खाली आलीस तर कुठे तरी बसू. नाही आलीस तर दुपारची गाडी धरून परत फिरेन, आणि मार्चात पुन्हा येईन.

तुझी आई